बोटं दिसतात, सूर येत नाही

ताकाओका, ९ ऑक्टोबर

चि. तोमिकोस,
अनेक आशीर्वाद. तू पाठवलेलं कोंबूचं वाळकं समुद्री शेवाळ पोचलं, सुपाला चव आली. अंगणात मुळे वाळत घातलेत, कावळे राखायचं काम माझ्याकडे.

आता काळजीचं. कुणाला बोलशील तर बघ. माझे कान गेले बहुतेक. उन्हाळ्यापासून मी आपल्या हारुओच्या लेकीला, कोतोहाला, दर बुधवारी टॅबलेटवरून पियानो शिकवते हे तुला माहीतच आहे. पोर तिकडे सेंदाईला, मी इथं. कॅमेऱ्यात फक्त तिचे हात दिसतात, मीच तसा लावायला सांगितला. पण हल्ली तिची बोटं पट्ट्यांवर पळतात आणि मला सूरच येत नाही, नुसतं टकटक. आणि वाजवून संपल्यावर पोर आजी, झालं असं सांगते, ते मात्र स्वच्छ ऐकू येतं. माणसाचं बोलणं कळावं आणि पियानो नाही, असा कुठला बहिरेपणा? घरचा पियानो ऐकू येतो म्हणावं, तर तो खरंच ऐकते की सवयीनं आठवते, कुणास ठाऊक. माझी मलाच खात्री राहिली नाही.

सुनेला कोणत्या तोंडानं विचारू? बहिऱ्या मास्तरणीकडे कोण आपली लेक ठेवेल? म्हणून बोटं बघते आणि छान, छान म्हणते. किती दिवस चालायचं हे? शनिवारी, पंचवीसला, जुने पियानो घेणारा येतोय. देऊन टाकते त्याला आणि शिकवणं बंद.

तब्येतीला जप.
तुझी,
फुसाएताई

सेंदाई, १३ ऑक्टोबर

ती. तोमिकोमावशींना,
सा. न. वि. वि. कोंबू आम्हालाही मिळालं, उगीच इतका त्रास घेतलात. हारुओ बरे आहेत, कोतोहाचे पुढचे दोन दात पडलेत.

मावशी, सासूबाईंचं काय बिनसलंय? पूर्वी एक सूर चुकला तरी त्या पुन्हा पुन्हा वाजवून घ्यायच्या, पोर मुसमुसायची. आता सगळंच छान. गेल्या बुधवारी कोतोहानं मुद्दाम मधल्या दोन ओळी गाळल्या, तरी छान. त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी सांगतात, बाई ज्याच्यावर पाणी सोडतात त्याचंच कौतुक करतात. मला हे ऐकल्यापासून झोप नाही. कोतोहा तर म्हणते, आजीला मी नको झाले.

माझं काही चुकलं का, तेच कळत नाही. आमच्या खाली रात्रपाळीच्या नर्सबाई राहतात, दुपारी झोपतात. म्हणून महिन्यापूर्वी इलेक्ट्रिक पियानोला हेडफोन लावला. कोतोहा तो एका कानावर घालते, दुसरा कान आजीचं बोलणं ऐकायला मोकळा. सासूबाईंना सांगितलं नाही. भाड्याच्या फ्लॅटात कसला पियानो, हे त्यांचं आधीच ऐकवून झालंय. शिकवण्यात त्यामुळे काही अडायचं कारण नाही. बोटं दिसली की मला सगळं कळतं, असं पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. इतक्या मोठ्या बाई, त्यांना कळतच असणार.

अभ्यास वाढला असं सांगून महिनाअखेरीला शिकवणी थांबवावी म्हणते. तुम्ही सांगाल तसं करीन.

माया असू द्यावी.
आपली,
सात्सुकी

हाकोदाते, १७ ऑक्टोबर

चि. सौ. सात्सुकीस,
आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं, मग ताईचं पुन्हा काढून वाचलं, तेवढ्यात शेगडीवरचा मासा करपला. तो तुमच्या दोघींच्या नावावर.

ताईनं मला तोंड उघडायची बंदी केलीय, म्हणून ती काय लिहिते ते सांगत नाही. पण बाई गं, बोटं बघून सूर कळायला तुझी सासू काय अंतर्ज्ञानी आहे? शेजारणीची झोप जपलीस, सासूचा मान जपलास, आणि पोरीचं वाजवणं कुणी ऐकायचं? एकमेकींची मनं जपता जपता तुम्ही दोघी वेड लावाल मला.

आता ऐक. बुधवारच्या आधी मिठाईचा डबा घेऊन नर्सबाईंकडे जा, वाकून नमस्कार कर, घटकाभर आवाज होईल म्हणून सांग. मग हेडफोनची वायर उपटून काढ. यात चालढकल नको. पंचवीस तारखेनंतर काही उपयोग नाही. का, ते विचारू नकोस. फोनच करणार होते, पण मला हसू आवरलं नसतं आणि ताई जन्मभर बोलली नसती.

तुझी,
तोमिकोमावशी

ताकाओका, २३ ऑक्टोबर

चि. तोमिकोस,
आशीर्वाद. काल कोतोहानं पहिली पट्टी दाबली आणि सूर आला. मी खुर्चीवरून अर्धी उठले. डोळे भरून आले, पण रडायला सवड कुठली? दुसऱ्या ओळीलाच तिला थांबवावं लागलं. डावा हात उजव्याच्या पुढे पळतोय, ताल कुठल्या कुठे. एवढे दिवस छान म्हटलं ते हे. पुन्हा वाजव म्हटलं, मग आणखी एकदा. पोरीच्या मागून कुणीतरी हुंदके द्यायला लागलं. सात्सुकीच ती, पण मी तिच्या लेकीवर ओरडतेय आणि आईचा आवाज आनंदाचा, हे काय गौडबंगाल ते मला कळेना.

मग पोरीनं विचारलं, गेल्या वेळी हेच छान होतं, आज वाईट कसं झालं. मला थाप सुचेना. सुनेच्या देखत सांगून टाकलं, की मला ऐकूच येत नव्हतं, कान गेले असं वाटत होतं. तशी सात्सुकीनं धावत येऊन टॅबलेट उचलला, हेडफोनचं सांगितलं आणि जमिनीला डोकं टेकलं. तिला म्हणे वाटायचं, मी बोटं बघून ऐकते. असं कुणी ऐकतं का गं? आणि तिनं तसं समजावं असं मी तरी का बोलले होते? आमच्यात जास्त खुळी कोण, ते अजून ठरत नाही. पियानोवाल्याला येऊ नको म्हणून कळवलंय.

टॅबलेट उचलल्यामुळे इतक्या दिवसांनी कोतोहाचं तोंड दिसलं, पडलेल्या दातांचं. ती मला म्हणाली, आजी, ऐकू येत नव्हतं तर सांगायचंस ना, मी जोरात वाजवलं असतं.

आहे तो लोभ तसाच ठेव.
तुझी,
फुसाएताई