चार नंबरमधली एरर

३ फेब्रुवारी, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस, आणि टेबल चक्क खिडकीजवळचं! शीतगृहाचं ऑफिस म्हणून मी दोन स्वेटर चढवून गेले. मेकॅनिक हसून म्हणाला, मॅडम, गारठा भिंतीपलीकडे, इथे पंखा लागतो. पलीकडे गोठवलेल्या मालाच्या सहा खोल्या. प्रत्येकीत एक छोटं यंत्र. काही बिघडलं की त्याच्या प्रोग्रॅममध्ये एरर तयार होते: तिचा प्रकार, निरोप, कुठल्या ओळीवर घडलं ते, आणि मागचं कारण. ती आहे तशी तारेतून येत नाही. तिची अक्षरं करून पाठवायची आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर पुन्हा उभी करायची. हे काम माझं आणि ताईंचं. ताई माझ्याहून तीनच वर्षांनी मोठ्या, पण साहेबांसकट सगळे त्यांना ताईच म्हणतात. दुपारी त्यांनी अर्धा डबा माझ्यापुढे सरकवला.

११ फेब्रुवारी, मंगळवार
अक्षरं करणं कुणालाही जमतं. खरी मेख परत उभं करण्यात. येताना एरर आपण कोण ते विसरते; पंखा बंद पडलेला असो की माणूस अडकलेला, इथे पोचते ती नुसती ‘एरर’. ताईंनी सगळ्या प्रकारांची यादी केली आहे. यादीत नाव असलं की एरर मूळ रूपात उभी राहते, आणि ‘दार आतून उघडत नाही’ असेल तर थेट घंटा वाजते. नाव नसलं तर साधी एरर म्हणून ढिगाच्या तळाशी. अवघ्या चौदा ओळी! मला का सुचलं नाही? पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू.

२० फेब्रुवारी, गुरुवार
साहेबांनी माझं काम पाहिलं. ठीक आहे म्हणाले, आणि वर, ताईंना एकदा दाखवून घ्या. घरी आईजवळ कुरकुर केली, तर म्हणते, एवढी गुणी मुलगी आहे तर जेवायला बोलव की तिला!
ताई माझ्या चुका हळू आवाजात सांगतात, चारचौघांत माझी शोभा होऊ नये म्हणून. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
उद्या तीनला मोठे साहेब येणार. ताई स्वतः चार नंबरच्या खोलीत जाऊन, दार लावून घंटा वाजवून दाखवणार. मी यादीतली नववी, ‘दार आतून उघडत नाही’ची ओळ काढली. एकच. घंटा वाजणार नाही, त्यांचा चेहरा पडेल, मग मी पुढे होऊन दुरुस्त करीन. एवढंच.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
ताई आधीच तपासून पाहायला आत गेल्या. कुणाला न सांगता, पाच मिनिटांचं काम म्हणून जाकीट न घालता. आतलं हँडल खरंच अडकलं.
११:४०ला साधी एरर आली. मग एकामागून एक एकतीस. मी पाहिल्या. कुठल्या ते ओळखलंही. मनात म्हटलं, करू दे रंगीत तालीम, कळू दे घंटा वाजत नाही ते. आणि चहाला गेले.
मेकॅनिकनं दार उघडलं तेव्हा अडीच वाजले होते.

६ मार्च, गुरुवार
ताईंची शोकसभा. साहेब म्हणाले, कुणाचा दोष नाही, हँडल जुनं होतं. सगळे ढसाढसा रडले. मीही. रडतानाच मनात आलं, माझ्यासाठी कुणी इतकं रडेल का?
चार नंबर बंद केली. मेकॅनिकनं तिथलं यंत्र काढून माझ्या टेबलावर आणून ठेवलं. यादी नीट करायचं काम माझ्याकडे आलं. नववी ओळ परत घातली की झालं असतं. पण मी ताईंची यादी पुसली आणि माझी लिहिली.

१२ मार्च, बुधवार
चार नंबरमधून एरर आली. ११:४०ला. यंत्र माझ्यासमोर, तारा लोंबताहेत, तरी आली. साधी नाही. अख्खी. प्रकार, निरोप, ओळ, कारण, त्या कारणाचं कारण. मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, मॅडम, स्क्रीन कोरा आहे, तुम्ही घरी जा.
घाबरायला हवं होतं. मी वाचत बसले. माझ्या यादीतून इतकी सुरेख एरर कधी उभी राहिली नाही.

१४ मार्च, शुक्रवार
पुन्हा. ११:४०. कारणाच्या आत कारण, त्याच्या आत आणखी. उलगडत गेले. सगळ्यांत आत—
‘नववी ओळ काढली. कारण: पोटात दुखलं.’
हे मी कुणाला सांगितलं नाही. फक्त या वहीत—

१५ मार्च
सगळं तपासलं. ताईंच्या यादीचं एक अक्षर उरलेलं नाही. मग कोण उभं करतंय? मी नाही. मला येत नाही. तिला येतं. अजूनही तिलाच—

१७ मार्च
चार नंबरमध्ये. कसं पाठवते ते बघणारच होते. दार मागे लागलं. खोली बंद आहे ना, मग इतकी गार—
हँडल फिरत नाही.
फोनवर ऑफिसचा स्क्रीन दिसतो. वर ताईंची, लाल, अख्खी. खाली, पार तळाला, एक साधी एरर. आत्ताची. ती माझी—
बोटं वळत नाहीत.
ताई समोर बसल्यात. रागावलेल्या नाहीत. मी विचारलं, तुमचं इतकं नीट कसं हो पोचतं? त्या वाकून म्हणाल्या, अगं सोपं आहे, आधी