हुपरीचा शनिवार

मंगळवार पेठ, कोल्हापूर
नोव्हेंबर १९९८

प्रिय करुणा,

तुझं पत्र मिळालं. येत्या शनिवारी जावईबापू गाडी घेऊन येणार आणि मला कायमचं नाशिकला नेणार, हे वाचलं. फोनवर मी हो म्हटलं होतं. बूथवर मागं माणसं उभी असली की मी कशालाही हो म्हणतो. कपडे बॅगेत भरले, पुन्हा बाहेर काढले. तुझी आई गेल्यापासून कशातच मन लागत नाही. परवा दार उघडं टाकून, दूध गॅसवर ठेवून रंकाळ्यावर चालत गेलो. शेजारच्या चिमणाबाईंनी गॅस बंद केला. म्हणाल्या, जायचं तर जावा, पण जाताना घर पेटवून जाऊ नका.

मागच्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला थांबवून घेतलं. हुपरीची शनिवारची प्रार्थनासभा तुझी आई चालवायची. आता दुसरं कोणी तयार नाही. तुम्ही चालवा, नाहीतर बंद करावी लागेल, असं म्हणाले. मी बंद करा म्हणालो. आईला देवाचं पाचारण होतं, मला वीज बोर्डात नोकरी होती. तिची वाजवायची पेटी एसटीत चढवायची, जिथं सभा भरते त्या बाळाबाईंच्या दारात उतरवायची आणि सभा संपेपर्यंत स्टँडवर चहा घेत पेपर वाचायचा, एवढीच माझी सेवा. आत काय चालतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

आई आजारी पडली तेव्हा पेटी तिकडंच राहिली होती. काल शनिवारी ती आणायला आणि सभा बंद झाल्याचं सांगायला गेलो. बाळाबाईंच्या पुढच्या सोप्यात बायका पेटत्या शेगडीभोवती चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडत बसल्या होत्या. मी पेटीला हात लावला आणि त्यांना वाटलं, मी सभा घ्यायलाच आलोय. सगळ्या सरकल्या. आईची चटई अंथरली. निरोप सांगायला तोंड उघडणार, तोवर एकीनं गाणं धरलं. गाताना त्यांचे हात चालूच असतात, घुंगरं वाजत असतात. गाणं संपलं तशा बाळाबाई मला म्हणाल्या, प्रार्थना करा. सगळ्यांचे हात थांबले.

मी डोळे मिटले आणि मला एक शब्द सुचेना. घरीसुद्धा आईच प्रार्थना करायची, तुला ठाऊक आहे. देवाला विचारायचं होतं ते एकच, की तिला का नेलंस. ते त्या बायकांसमोर कसं विचारणार? आणि ते सोडून दुसरं काही येईना. मी तसाच बसून राहिलो. नंतर कळलं, प्रार्थना सांगणाऱ्यानं आमेन म्हटल्याशिवाय तिथं कुणी कामाला हात लावत नाही. शेवटी बाळाबाईच म्हणाल्या, "पावणं, आमेन म्हणा की. शेगडी इझाय लागलीया." मी आमेन म्हणालो. घुंगरं पुन्हा वाजू लागली. कोपऱ्यातली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बाई बोलायच्या, ह्ये गपच. पर येळ तेवढाच घेत्यात." त्या हसल्या. आई गेल्यानंतर मीही पहिल्यांदाच हसलो असेन.

निरोप सांगायचा राहिलाच. पेटीही तिथंच ठेवून आलो. एसटीत दोन्ही हात रिकामे होते, ते कुठं ठेवावेत कळत नव्हतं.

आज सकाळी पाळकसाहेबांना एवढंच म्हणालो, की सभा बंद करू नका. त्यांनी पुढं काही विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पाचारण वगैरे मला अजून ऐकू आलेलं नाही. जीव अजून थाऱ्यावर नाही, आताही हे लिहिताना तीनदा उठून आलो.

हे सगळं फोनवर बोलायला जमलं नसतं, म्हणून लिहितोय. जावईबापूंना गाडी घेऊन पाठवू नकोस. रागावूही नकोस. नाताळाला तुम्ही सगळेच इकडं या. रविवारी या, सोमवारी या, फक्त शनिवारी नको. शनिवारी मी घरी नसतो.

तुझाच,
पप्पा