अर्धी दाढी

ता. ९, रविवार

दादा,

नमस्कार केला समज. पण तू आधी आईला आवर. फोन लावला की मी जेवलो का हे नंतर, आधी तुझे पोवाडे. दादाने दाढी करता करता कोळसेवाल्याचा कॅन्सर पकडला, दादाने त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. गल्ली म्हणे तुला डॉक्टर म्हणते. वस्तरा तोच, खुर्ची बाबांचीच, भाव तेवढा तुझा वाढला.

दवाखान्याची माणसं वस्तीत आली तेव्हा मी होतो की तिथे. तोंड तपासायच्या शिबिराला कुणी फिरकलं नाही, म्हणून डॉक्टरीणबाई दुकानात येऊन तुला म्हणाल्या, "लोक आमच्याकडे येत नाहीत, पण मान तुमच्या हातात देतात." मग तुला शिकवलं, जबड्याखाली बोटं कशी फिरवायची, गाठ कशी लागते, तोंडात बॅटरी कशी मारायची. मी बाकावरच बसलो होतो. मला कुणी विचारलं नाही. खुर्ची तुला, बॅटरीही तुलाच.

आणि मी इकडे कामाला निघायच्या दिवशी काय केलंस? दुकान भरलेलं, माझी अर्धी दाढी झालेली, आणि तुझं बोट जबड्याखाली थांबलं. "आ कर." सगळे बघायला लागले. "बास कर नाटक, डॉक्टरसाहेब," म्हणालो आणि उठलो. एका गालावर साबण तसाच. तू हातात वस्तरा घेऊन कोपऱ्यापर्यंत मागे पळालास. लोकांना वाटलं, भाऊ भावाचा मुडदा पाडतोय.

इथे बरं आहे. पत्र्याच्या खोलीत सहा जण, खडी फोडायच्या मशीनवर काम. धूळ फार, म्हणून सगळेच तंबाखू लावतात. इथे कुठलं शिबिर येत नाही, न्हावीसुद्धा नाही. मी दाढी वाढवलीय. पोरं म्हणतात, शोभते. तिखट सोडलंय, उगाच. भात कालवून खातो, लवकर उरकतं.

परवा पोरांना तुझी नक्कल करून दाखवत होतो. तोंड पुरतं उघडतं का बघायला तीन बोटं उभी धरून तोंडात घालायची, तू गिऱ्हाइकांना करायला लावतोस तशी. सगळ्यांची गेली. माझी दोनच गेली. पोरं हसली. मीही हसलो, तोंड उघडेल तेवढं.

तुझ्या बोटाला तेव्हाच कळलं होतं ना? मग कोपऱ्यावरून परत का फिरलास? कोळसेवाल्याला हाताला धरलंस. त्या म्हाताऱ्याचा मला किती राग येतो, तुला सांगता यायचं नाही.

फोन आईजवळ असतो म्हणून लिहितोय. हे दुकानात वाचू नकोस. शनिवारी येतो. गिऱ्हाइकं बाहेर काढ, खुर्ची मोकळी ठेव, बॅटरीत नवे सेल घाल. या वेळी माझ्या गाडीभाड्याचे ठेवून उरले तेवढेच पाठवतोय. आईने विचारलं तर काहीतरी थाप मार, तुझं ती ऐकते.

तुझा धाकटा, अजून अर्धाच राहिलेला.

पाठवले: आठशे.