रस्त्याच्या पलीकडचं मत

प्रिय आर्वो,

पाकिटावर स्टॅम्प बघून हसू नकोस. तुझी टपालपेटी माझ्या पेटीशेजारी, त्याच फळीवर, हातभर अंतरावर आहे हे मला ठाऊक आहे. तरी हे पत्र आधी दूरच्या मोठ्या शहरात जाईल, तिथे शिक्का बसेल आणि दोन दिवसांनी परत माझ्याच कुंपणापाशी येईल. हाताने टाकलं असतं तर चिठ्ठी झाली असती. सहा वर्षं तोंड न उघडणाऱ्या बहिणीने चिठ्ठी टाकणं बरं दिसत नाही. रीतसर पत्र लिहायचं म्हणून अर्नीच्या टेबलापाशी बसले आहे, चष्मा पुसला आहे आणि पहिले तीन कागद चुलीत घातले आहेत.

मुद्द्याचं आधी सांगते, नाहीतर तू म्हणशील हेल्मीने पुन्हा गुऱ्हाळ लावलं. येत्या मंगळवारी नगराध्यक्षाची निवडणूक आहे. खुर्चीवरच्या डेल हॅन्लीच्या विरोधात नोएमी ओर्तीस उभी आहे, औषधाच्या दुकानातली. एकोणतीस वर्षांची पोर, ॲरिझोनाच्या वाळवंटातून आलेली, राजकारणाचा गंध नसलेली. आणि तिचं नाव मतपत्रिकेवर छापलेलं नाही. जो तिला मत देईल त्याला ते स्वतःच्या हाताने लिहावं लागणार आहे. हे असं झालं ते माझ्यामुळे. गावात कुणी काही वेगळं सांगितलं असेल तर ते खोटं. चूक माझी, सगळीच्या सगळी.

ती माझ्याकडे पहिल्यांदा आली ती फेब्रुवारीत, उणे तीस होतं त्या आठवड्यात. नगरपालिकेचा 'नळ चालू ठेवा'चा हुकूम निघून महिना झाला होता. जन्मापासून आपण दर हिवाळ्यात हेच करत आलोय, पेन्सिलीच्या शिशाएवढी धार एप्रिलपर्यंत सोडून ठेवायची, म्हणजे जमिनीतला पाइप गोठत नाही. पण अर्नी गेला, मी विधवा झाले, तेव्हापासून रिकाम्या घरात तो आवाज मला खायला उठतो. त्या दिवशी वैतागून मी नळ बंद केला आणि झालं, सकाळी पाण्याचा टिपूस नाही. दहाच्या सुमारास दार वाजलं. दारात अंगावर दोन कोट चढवलेली, पायात कुणाचे तरी भलेमोठे बूट घातलेली ही मुलगी, हातात औषधांची पिशवी. म्हणाली, नळ चालू आहे ना तुमचा? मी म्हटलं, तुला काय करायचंय? तर म्हणे, काही नाही, या रस्त्यावर एकटी राहणारी माणसं बघत चालले होते. मी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण ती तोवर आत येऊन मोरीपाशी पोचली होती. मग दोन तास ती माझ्या सिंकखाली आडवी पडून केस वाळवायच्या यंत्राने पाइप तापवत होती. वाळवंटातली मुलगी, आणि मी, जिचा सगळा जन्म या बर्फात गेला, ती टॉर्च धरून उभी.

पाणी आल्यावर कॉफी केली, निसू कापला. तो वेलदोड्याचा पाव तिने आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला आणि तीन तुकडे संपवले, म्हणजे तिला माझी पसंती तिथेच मिळाली. मग तिने विचारलं, पाइप आणखी खोल का नाही पुरत? मी म्हटलं, पहिल्यापासून असंच आहे. ती म्हणाली, पण कुणी विचारलंय का? खरं सांगते, आर्वो. एकाहत्तर हिवाळे मी तो आवाज ऐकला आणि एकदाही विचारलं नाही.

एप्रिलमध्ये तिने नगरपालिकेच्या सभेत विचारलं. तू तिसऱ्या रांगेत होतास असं मला कळलं, तेव्हा तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. डेल म्हणाला, मुली, अजून एक हिवाळा इथे काढ, मग पाइपांचं बोलू. सगळे हसले. ती म्हणाली, चार काढलेत साहेब, पाचवा येतोच आहे, आणि मी नकाशा आणलाय, चारच गल्ल्यांपासून सुरुवात करा. नकाशा कुणी उघडलासुद्धा नाही. ती माझ्याकडे आली ती रडवेली नव्हती, चिडलेलीही नव्हती. नुसतं विचारलं, नगराध्यक्ष व्हायला काय लागतं? मी म्हटलं, पन्नास सह्या आणि जाड कातडी. सह्या मी आणते, कातडी तू बघ.

इथे माझी शोभा झाली. एकसष्ट सह्या जमल्या. त्यांतल्या चौदा मी आणल्या, माझ्या ओळीतल्या आठ घरांतून, एका दुपारात, फुशारकी मारत. आणि आठवड्याने नगरपालिकेतून फोन. त्या नव्या कारकून बाई फार अदबीने बोलल्या, मला तेच जास्त लागलं. म्हणाल्या, बाई, तुमच्या चौदाही सह्या बाद होतायत, कारण तुमची ओळ शहराच्या हद्दीत नाही. हद्द रस्त्याच्या मधोमध जाते. समोरची बाजू शहर, तुमची बाजू टाउनशिप, म्हणजे बाहेरची ग्रामीण हद्द. मी म्हटलं, अहो, पत्त्यावर शहराचं नाव आहे, नळाला शहराचं पाणी येतं, माझं बारसं या शहरातल्या चर्चमध्ये झालंय. त्या म्हणाल्या, हो, पण घर बाहेर आहे.

तू म्हणशील, इतकी वर्षं मत देताना कसं कळलं नाही? हीच तर लाज आहे. राष्ट्राध्यक्षाला मत दिलं, गव्हर्नरला दिलं, नगराध्यक्षाला कधी दिलंच नाही. बावीस वर्षं डेल एकटाच उभा असायचा, त्याच्यासाठी कोण बूट चढवणार? त्याच्याआधीही असंच. डेलच्या नावाने इतकी वर्षं खडे फोडले, आणि त्याला निवडायचा किंवा पाडायचा हक्क मला कधी नव्हताच. माझ्या ओळीत एकालाही हे माहीत नव्हतं. सत्तेचाळीस सह्या उरल्या, तीन कमी पडल्या, आणि मुदत आदल्याच दिवशी संपली होती.

तिला सांगायला मी दुकानात गेले. रांगेत माझ्यापुढे चार जणं होती, तेवढ्या वेळात मी खोकल्याच्या सगळ्या औषधांची नावं वाचून काढली. मी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. तिने हातातली बाटली खाली ठेवली. तिचे डोळे भरले ते मी पाहिले, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग तिने माझ्या मागच्याच्या गोळ्या मोजून दिल्या, पैसे घेतले आणि मला म्हणाली, छापलेलं नसलं तरी लिहिता येतं ना? मग लिहू दे लोकांनाच. मी म्हटलं, अगं, अशाने या गावात भटकी कुत्री पकडणारा माणूससुद्धा निवडून आलेला नाही. ती म्हणाली, कुणी विचारलंय का? पहिल्या दिवशीचाच चिमटा पोरगी मला पुन्हा काढत होती.

तेव्हापासून माझं स्वयंपाकघर म्हणजे शाळा झाली आहे. नगरपालिकेकडून नमुन्याच्या मतपत्रिका आणल्या आणि लोकांना बसवून गिरवायला लावते. डेलच्या नावाखाली एक रिकामी ओळ आहे. तिथे नाव लिहायचं आणि शेजारचा गोल काळा करायचा. दोन्ही करायचं, नाहीतर मत वाया. निम्मी माणसं गोल विसरतात. म्हाताऱ्या लेम्पीने स्वतःचंच नाव लिहिलं आणि म्हणाली, राहू दे, बघू किती मिळतात. व्हर्नने नाव लिहून खाली शुभेच्छा दिल्या आणि सही ठोकली. पण तिसऱ्या खेपेला सगळ्यांना जमतं. परवा नोएमीने हिशेब केला, कोण नक्की, कोण कुंपणावर. डेल तीसेक मतांनी पुढे असावा, असं ती म्हणते. तीस, आर्वो. हरण्यासारखंही आहे आणि जिंकण्यासारखंही. या गावात निवडणुकीच्या आठवड्यात लोक हवामान सोडून दुसरं काही बोलतायत, हे मी पहिल्यांदा बघतेय आणि मला फार बरं वाटतंय.

रस्त्याच्या तुझ्या बाजूला सहा घरं आहेत. पाच मी केली. एका घरी कुत्रं चावायला आलं, एका घरी सूप मिळालं. सहाव्याच्या फाटकापर्यंत दोनदा आले आणि परत फिरले. तुझ्या अंगणात डेलची निळी पाटी आहे. भांडी घासताना ती रोज माझ्या समोर असते. त्याबद्दल माझा राग नाही, खरंच नाही. शिकारीच्या खोपटात तीस वर्षं तुम्ही दोघांनी, तू नि डेलने, एका चुलीवर रांधलंत. तुझी छाती दुखली तेव्हा त्यानेच तुला गुडघाभर बर्फातून गाडीपर्यंत ओढत आणलं. डेल वाईट माणूस नाही. तो नुसता बसून राहिला आहे, आणि आपण सगळ्यांनी त्याला बसू दिलं.

आता जे सहा वर्षं टाळलं ते. अर्नीची माती पंधरा नोव्हेंबरला ठेवली होती. हरणाच्या हंगामाचा पहिला दिवस. आपल्याकडे त्या दिवशी लग्न ठेवत नाहीत, शाळासुद्धा बंद असते. पाद्रीबाबा म्हणाले होते, सोमवारी घेऊ या, माणसं येतील. मीच हटून बसले. मला बघायचं होतं कोण खोपट सोडून येतं. कोण म्हणजे तू, दुसऱ्या कुणाचं मला काही पडलं नव्हतं. चर्चमध्ये अकरा बायका होत्या आणि एक ऑर्गन वाजवणारा. तू आलास दिवस मावळताना, शिकारीच्या नारिंगी जाकिटातच, दाढीला बर्फ, टोपी हातात. म्हणालास, खोपटापर्यंत निरोपच दुपारी पोचला. आणि मी दार लावून घेतलं. निरोप पोचायला वेळ लागणार हे मला माहीत होतं, आर्वो. खोपटात फोन नाही हे मला माहीत होतं. मी तुझी परीक्षा घेतली आणि तू नापास होशील अशीच तारीख निवडली. दुःखात माणूस वेड्यासारखं वागतं, पण मी ते वेड सहा वर्षं सांभाळलं. माझं चुकलं.

आता तू म्हणशील, एका मतासाठी एवढं सगळं? मलाही काल दुपारपर्यंत तसंच वाटत होतं. काल नोएमी याद्या घेऊन बसली होती. तुझ्या घरापुढे मी फुली मारली आणि म्हटलं, इथे जाऊ नकोस, ते डेलचं आहे. ती जरा घुटमळली. म्हणाली, मी वचन दिलंय सांगणार नाही म्हणून, पण आता मला राहवत नाही. आणि मग तिने सांगितलं. फेब्रुवारीत ती कुठली एकटी राहणारी माणसं बघत चालली नव्हती. तू रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला दुकानात गेला होतास आणि तिला म्हणालास, समोर माझ्या बहिणीच्या घराच्या धुराड्यातून धूर येतोय, पण सांडपाण्याच्या तोंडाशी सकाळपासून वाफ दिसत नाही, तिचा नळ गोठला असणार. मी गेलो तर ती दार उघडणार नाही. तू जा, आणि माझं नाव काढू नकोस. बूटही तुझेच होते म्हणे. म्हणजे सहा वर्षं तू माझ्या घराची वाफ बघत होतास, आणि मी तुझ्या पाटीकडे बघत होते. मला मंगळवारी मत नाही. तुला आहे, आणि ते तू कुणाला द्यायचंस ते मी सांगणार नाही, डेलला दिलंस तरी तुझ्यावर रुसणार नाही. पण मतदान करून येताना रस्ता ओलांड. निकाल लागेपर्यंत ती पोर माझ्याकडेच बसणार आहे, आणि तिला पाठवणारा माणूस तिच्या शेजारी बसलेला मला बघायचा आहे. दार उघडं ठेवते, थंडी आत आली तरी चालेल.

तुझीच, सहा वर्षं उशिरा,
हेल्मी