खालच्या बोयापाशी घेतलेला गोल

आखन, मंगळवार

प्रिय तनया,

तीन आठवडे मी तुझ्याशी धड बोललेले नाही. मेन्सात जेवायला आलेली दिसलीस की ट्रे घेऊन दुसऱ्या टोकाला जाऊन बसते. त्यामागे काय होतं ते आज सगळं लिहिते. मध्येच पत्र टाकून देऊ नकोस.

रुर्झे तलावावरच्या त्या शर्यतीच्या सकाळीच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. न्याहारीला तू आणि हृषिकेश हळू आवाजात जर्मनमध्ये बोलत होतात आणि मी येताच गप्प झालात. आपण तिघं मराठी, मग जर्मन कशाला? "गेनाऊ, अगदी बरोबर, तुझ्याबद्दलच चाललं होतं," असं म्हणून तू हसलीस. मी हसले नाही. त्याची बोट आपल्या तोडीची होती आणि सप्टेंबरात बाल्टिक समुद्रावर जायला आपला शिडाच्या बोटींचा क्लब तुमच्यापैकी एकालाच निवडणार होता.

तुला वाटेल, किती संशयी मुलगी! पण आमच्या घरातली पहिली पदवी माझी. बाबांचं चिपळूणला पंक्चरचं दुकान. दाखला असो की शिष्यवृत्ती, प्रत्येक खिडकीवर मीच उभी. शिक्का बघितल्याशिवाय हलायचं नाही, आणि कोणी फार गोड बोललं तर कागद पुन्हा वाचायचा, एवढं तिथे शिकले. म्हणून शर्यतीची अख्खी नियमावलीही पाठ केली. तू मात्र पहिल्याच दिवशी सांगितलंस, "पाण्यावर पंच नसतो गं. बोयाला लागलं तर आपणच कबूल करायचं, आपणच दंडाचा गोल फिरायचा." मला ते इतकं आवडलं की त्याच दिवशी बाबांना फोन करून सांगितलं.

मग ती शेवटची फेरी. आपण तिसऱ्या, हृषिकेश मागे. खालच्या बोयाला वळसा घालताना तू सुकाणूवर होतीस आणि मी तुझ्यापुढे डाव्या कडेवरून, तारेला लटकून, बाहेर झुकत होते. आपल्या दोन होडक्यांच्या कॅटमरानचं डावं होडकं आणि बोया यांत हातभर पाणी मी स्वतः पाहिलं. माझ्या पाठीवर थपकन लाट आपटली आणि तू ओरडलीस, "आत ये, गोल घेतेय!" आपण पूर्ण गोल फिरलो, तेवढ्यात हृषिकेश शेजारून निघून गेला. काठावर आलो तेव्हा बाबा माझ्या फोनवर व्हिडिओ कॉलवर होते, दुकानातली चार माणसंही डोकावत होती. त्यांच्या देखतच मी विचारलं, कुठे लागलं? "लागलं गं. माझाच अंदाज चुकला," म्हणालीस आणि शीड गुंडाळायला लागलीस. संध्याकाळी पार्किंगमध्ये तुम्ही दोघं हसताना दिसलात. मला तेवढं पुरलं.

काल जॅकेट धुवायला काढलं. मागच्या बाजूला, कमरेच्या वर, तळहाताएवढा केशरी डाग. तो बोया शर्यतीच्या आदल्याच दिवशी रंगवला होता, एक हात मीही मारला होता. म्हणजे ती लाट नव्हती. अंगाला लागलं म्हणजे बोटीलाच लागलं, हा नियमही मला पाठ आहे. तू मागे बसली होतीस, तुला माझी पाठ दिसत होती, तरी बाबांसमोर तू माझं नाव घेतलं नाहीस.

तुला हे घरी येऊन सांगता आलं असतं. पत्र लिहिते आहे ते वेगळ्याच कारणासाठी, तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही. मागच्या आठवड्यात सोमवारी मी क्लबच्या कार्यकारिणीला मेल केली की तनयाने हृषिकेशसाठी मुद्दाम शर्यत सोडली. त्यांनी बाल्टिकसाठी तुझं नाव थांबवलंय. तुला अजून कोणी कळवलं नसेल, तर ते माझ्याकडूनच कळू दे. गुरुवारी सहाला बैठक आहे. जॅकेट धुतलेलं नाही, तसंच घेऊन जाणार आहे. सगळ्यांसमोर, माझ्या मोडक्या जर्मनमध्ये, आधी डाग दाखवीन आणि मग माझीच मेल वाचून दाखवीन. तू आली नाहीस तरी चालेल. त्या सकाळी तुम्ही काय बोलत होतात, हे विचारावंसं अजूनही वाटतं. विचारणार नाही.

तू मैत्री ठेवलीस तर अजूनही तुझीच,
देवश्री