काळ्या बुटांचं पांढरं

१६ ऑगस्ट, शनिवार
सोसायटीच्या गणपतीत यंदा बाप-लेकींचा डान्स. चार जोड्या. स्वरदाने माझं नाव परस्पर देऊन टाकलं. पोरगी दहा वर्षांची, पण डान्स तिनेच बसवलाय. बाबांना जुन्या हिंदी पिक्चरमधल्या हीरोसारखे पांढरे बूट हवेत. बायको, आशालता, म्हणाली, नवीन आण. कशाला? ऑफिसचे काळे बूट वर्क फ्रॉम होममुळे नुसते पडून आहेत. मी इंजिनिअर आहे. बूट रंगवायला अशी कितीशी अक्कल लागते? ती म्हणाली, तेच बघायचंय.
संकल्प : रोज सातला प्रॅक्टिस. एकही चुकवायची नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
स्वरदाच्या पोस्टर कलरचा एक हात मारला. बूट पारव्यासारखे दिसतात. दुसरा हात मारला. आता आजारी पारव्यासारखे. हवा दमट आहे, हा आमच्या नेरे गावाचा दोष, रंगाचा नाही. बिल्डरने ब्रोशरात 'निसर्गाच्या कुशीत' छापलं होतं. त्या कुशीत काही वाळत नाही हे छापलं नव्हतं.
प्रॅक्टिसला गेलो नाही. हात बरबटलेले होते.

२० ऑगस्ट, बुधवार
खालच्या मजल्यावरचा शैलेश रोज प्रॅक्टिसला जातो म्हणे. तो आणि त्याची लेक ज्ञानदा. पांढरे बूट विकत आणलेत. विकत! माणसांत जिद्दच उरली नाही.
पोस्टर कलर ओल्या फडक्याने साफ निघाला. बरंच झालं, सरफेस मोकळा मिळाला. घोटावड्याच्या हार्डवेअरवाल्याकडे ऑइल पेंट मागितला. त्याने विचारलं, ग्रिलला की दाराला? म्हटलं, बुटाला. तो म्हणाला, हां, पण ग्रिलला की दाराला?
प्रॅक्टिस उद्यापासून नक्की.

२३ ऑगस्ट, शनिवार
राजाबाई आमच्याकडे स्वयंपाकाला येतात. म्हणाल्या, सायेब, बुटाला चुना लावलाय व्हय? म्हटलं, ऑइल पेंट आहे, डान्ससाठी. म्हणाल्या, लई झ्याक, पर गणपतीम्होरं... पुढचं मी ऐकलं नाही. स्टेजचं त्यांना काय कळतंय!
बूट वाळले. पांढरे! घालून चार पावलं चाललो. बोटांपाशी वाकले तिथे तडे गेले आणि रंगाचे पापुद्रे फरशीवर. नीट विचार केला. बूट उभं राहिल्यावर फुटत नाही, वाकल्यावर फुटतो. म्हणजे चूक डान्समध्ये आहे. स्वरदाला सांगितलं, माझ्या स्टेप्समध्ये पाय वाकता कामा नये. ती म्हणाली, मग बाबा, तू नाचणार कशाने? म्हटलं, खांद्यांनी. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. इम्प्रेस झाली असावी.

२५ ऑगस्ट, सोमवार
प्रॅक्टिसला गेलो! खुर्चीत बसून दहा मिनिटं पाहिली. शैलेश घाम फार गाळतो. ग्रेस नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार
काल बाप्पा बसले. रंगाचा चौथा थर. बूट फ्रिजच्या मागे वाळत ठेवलेत. आशालता म्हणते, मोदकांना पेंटचा वास येतोय. हिला कशातच कौतुक नाही.
स्वरदा बोलवायला आली. शेवटचं विचारते, येतोस का, म्हणाली. म्हटलं, थर ओला आहे, तू हो पुढे, स्टेप्स मी मोबाइलवर बघेन. गेली. दोन तासांनी परतली ती खुशीत होती. म्हणजे माझ्यावाचून काही अडत नाही, उगाच बाऊ करतात.

३० ऑगस्ट, शनिवार, दुपारी ४
बूट तयार. पांढरेशुभ्र. किंचित चिकट. आज सगळ्यांच्या नजरा खाली असणार.

त्याच दिवशी, रात्री ८
स्टेजवर बाप्पांची मूर्ती. पायरीपाशी कमिटीचे जनार्दनकाका. म्हणाले, बूट खाली काढा. म्हटलं, काका, हा कॉस्च्युम आहे. म्हणाले, आणि तो देव आहे. शैलेशने बूट पटकन काढून ठेवले. त्याला काय, विकतचे! माझे निघेनात. एक काकांनी ओढला, एक शैलेशने. रंग आत झिरपला होता, मोजे आतच चिकटून राहिले.
अनवाणी वर गेलो. गाणं लागलं, तेव्हा लक्षात आलं की मला एकही स्टेप येत नाही. खांदे हलवले. लोक हसले. पहिल्या कडव्यानंतर स्वरदाने मला हळूच मागे सारलं आणि शैलेशचा हात धरला. त्याच्या एका बाजूला ज्ञानदा, दुसऱ्या बाजूला आमची स्वरदा. काय नाचली पोरगी! टाळ्या थांबेनात. मी मागे मूर्तीशेजारी उभा. लोकांना आरास वाटली असेल.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. कुणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहितोय.

३१ ऑगस्ट, रविवार, सकाळी
बूट काल मुद्दामच मांडवात सोडून आलो होतो. जनार्दनकाकांच्या तुटक्या चपलासुद्धा चोरीला गेल्या. माझे बूट वॉचमन घरी आणून देऊन गेला.
पोहे खाताना स्वरदाला सहज विचारल्यासारखं विचारलं, शैलेशकाकाला माझ्या स्टेप्स कशा काय येत होत्या? म्हणाली, मीच शिकवल्या, गुरुवारी. म्हटलं, मी असा नुसता उभा राहणार, हे तुला गुरुवारीच कळलं होतं?
ती म्हणाली, गुरुवारी नाही रे बाबा. तू बूट रंगवायला बसलास ना, तेव्हाच.
मग तिने लिंबू मागितलं. मी पिळून दिलं.