आगमनाचा दिवस शून्य

३ फेब्रुवारी
पोचले. ताईची तारीख २६ एप्रिल. आईला डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केलाय, म्हणून बाळंतपणाला आईच्या जागी मी. पाहुण्यांना इथे नव्वद दिवस राहता येतं. शीट तयार केली. आजचा दिवस शून्य. सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम. आम्ही शून्यापासूनच मोजतो. शेवटचा दिवस ४ मे. आठ दिवस हातात.
जिजू म्हणाले, ३ मे. ते शाळेत गणित शिकवतात. वाद घातला नाही.

१९ फेब्रुवारी
बाळाच्या खोलीत झोपते. पाळणा जोडून झाला. माझी गादी आणि पाळणा यांत आता चाळीस सेंटिमीटर. ताईचा रक्तदाब, पाणी, पावलं, सगळं शीटमध्ये घेतलं. ती म्हणाली, बहीण आलीय की ऑडिट? तिला माझा आधार वाटतोय.

२ एप्रिल
मुदतवाढीचा अर्ज महिनाभर आधी द्यावा लागतो. जिजू म्हणाले, आजच भरून टाक, बाळं काही वेळापत्रक बघून येत नाहीत. पण अर्ज करणं म्हणजे स्वतःच्या हिशेबावर अविश्वास दाखवणं. भरला नाही. शिवाय बारा पानी आहे.

२६ एप्रिल
बाळ नाही.

२९ एप्रिल, सकाळी ७
बाळ नाही. ताईला जिने चढायला लावले. तिसऱ्या फेरीला ती पायरीवरच बसली. म्हणाली, आता तूच हो बाळंत.

१ मे
सुईण म्हणाली, ५ तारखेपर्यंत वाट बघू, मग औषध देऊन कळा सुरू करू. बाहेर आल्यावर ताईने माझं मनगट धरलं. तू असशील ना गं? मी म्हटलं, शंभर टक्के.

२ मे
उपाय सापडला. सीमा बसने दोन तासांवर. ४ तारखेला सकाळी शेजारच्या देशात जायचं, संध्याकाळी परत यायचं. नवा शिक्का, मोजणी पुन्हा शून्यावर. इंटरनेटवर एकाने तसं लिहिलंय. जिजू म्हणाले, नियम कोणत्याही एकशे ऐंशी दिवसांत नव्वद असा आहे. बाहेर जाऊन आल्याने मागचे दिवस पुसले जात नाहीत. माणूस चांगला आहे. भित्रा आहे.

४ मे, दुपारी १
सीमा. काउंटरवरच्या बाईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिल टेकवून एकेक दिवस मोजला. सुरुवात ३ फेब्रुवारीपासून. एक्क्याण्णव. मी तिला शून्यापासून मोजण्याची पद्धत समजावली. तिने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, त्या दिवशी तुम्ही इथे जेवलात? हो. झोपलात? हो. मग तो दिवस आहे, म्हणाली.
बाहेर जाण्याचा शिक्का मिळाला. सोबत एक वर्ष प्रवेशबंदी.

४ मे, संध्याकाळी ६
लॉज. खिडकी उघडते, समोर दोन हातांवर भिंत. बॅग ताईकडे. परतीचं विमान त्या देशातून, मी या देशात. इथे पाहुण्याला पाच दिवस. आजचा पहिला धरला.
ताईला फोन केला. सिस्टिममध्ये किरकोळ अडचण आहे म्हटलं. ती म्हणाली, खरं सांग. सांगितलं. तिने फोन जिजूंकडे दिला.

६ मे, सकाळी १०
मुलगी. तीन किलो शंभर ग्रॅम. ताई ठीक. जिजूंनी फोन पाळण्यावर धरला. मूठ दिसली, कान दिसला, मग बराच वेळ छत.
ताईला म्हटलं, एक वर्ष म्हणजे काही फार नाही. उलट चांगलंच. तोवर ही चालायला लागेल. मी बेल वाजवली की दार हीच उघडेल.
ताई म्हणाली, अगं, वर्षाच्या पोरीचा हात कडीला पोचत नाही.
हे मी तपासलं नव्हतं.